आधी मोकळा दिवस, मग समुद्र

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासद व युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास अध्यक्षांनी आत्ताच फार छान सांगितला. मला समितीनं ‘तरुणांसाठी चार शब्द बोला’ असं सांगितलं, म्हणून मी विषय जरा वेगळा घेतला आहे. आपल्या सोसायटीतली तीन मुलं यंदा स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करून आली. त्यात माझी नातही आहे. आता पुढची सहल आपण स्वतः आखायची, असं तिघांनी ठरवलंय. आणि तिन्ही घरांत त्यावरून कुरबूर चालू आहे. आईवडील म्हणतात, एकदा झालं ना, आता पुरे. मुलं म्हणतात, सर्टिफिकेट काय भिंतीवर लावायला आणलं?

मी स्वतः समुद्राखाली गेलेलो नाही. पण नातीचं कोर्सचं पुस्तक वाचून काढलं, तिच्या शिक्षकांशी फोनवर बोललो आणि बँकेतल्या सवयीप्रमाणे कागदावर टिपणं काढली. त्यातून जे हाती लागलं, ते दोन्ही बाजूंसमोर ठेवतो.

आधी एक फरक समजून घेऊ. मालवण-तारकर्लीला गेलेल्या पुष्कळ लोकांचा स्कूबाचा फोटो असतो. तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरून थोडा वेळ खाली नेतो, मासे दाखवतो, वर आणतो. तो अनुभव झाला. आपल्या मुलांनी केलाय तो ‘ओपन वॉटर’ कोर्स. त्यात आधी तलावात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह, लेखी परीक्षा, दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं, एवढं सगळं असतं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळे हे शिकायला आता महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. हा कोर्स पूर्ण झाला की जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते.

पण मुलांनो, चार डाइव्ह म्हणजे किती? नवीन लायसन्स मिळालेल्या पोराला आपण पहिल्याच आठवड्यात सप्तशृंगीचा घाट एकट्यानं चढवू देतो का? आधी गावात, मग नाशिक रोडला, मग घाटात. तोच क्रम इथेही आहे.

आमची पिढी पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. बुडी मारायची म्हणजे दम धरायचा, हेच आम्हाला ठाऊक. स्कूबात नेमकं उलटं आहे. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर नळीतून घेतलेला श्वास वर येताना फुगून दुप्पट होतो. त्या वेळी दम धरला तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही आणि वर सावकाश यायचं, मिनिटाला साधारण नऊ मीटर, शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून. हे मुलांना पाठ आहे. पण पाठ असणं आणि घाबरल्यावर आठवणं यात अंतर असतं. ते अंतर सरावानंच कमी होतं. सहा महिने-वर्षभर पाण्यात गेला नसाल, तर पहिला दिवस प्रशिक्षकाबरोबर उजळणीचाच ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

आता मुख्य मुद्दा. नव्या डायव्हरसाठी सगळ्यात मोलाचं वाक्य कुठलं? ‘आज नको.’ सर्दी झालीय, कान मोकळे होत नाहीत, समुद्र खवळलाय, रात्री झोप नाही, मनच घेत नाही. यातलं काहीही असलं तरी ‘आज नको’ म्हणता आलं पाहिजे. हे वाक्य तोंडातून का निघत नाही? बहुतेक वेळा भीतीपेक्षा वेळापत्रक आडवं येतं. तीन दिवसांची रजा, पैसे भरलेले, परतीचं तिकीट काढलेलं. मग माणूस सर्दीची गोळी खाऊन उडी मारतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सहल अशी आखा, की ‘आज नको’ म्हणणं परवडलं पाहिजे. आराखड्यात एक दिवस पूर्ण मोकळा हवा.

मालवणचंच उदाहरण घेऊ. सटाण्याहून मालवण सहाशे किलोमीटरच्या वर आहे. पहिला दिवस पोहोचण्यात जाणार. त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. भरपूर पाणी प्यायचं आणि झोपायचं. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाबरोबर एक उथळ डाइव्ह. तिसऱ्या दिवशी दोन. चौथा दिवस मोकळा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी समुद्रानं नकार दिला तर त्या डाइव्ह चौथ्या दिवशी सकाळी करा. नाही दिला तर होडीनं सिंधुदुर्ग किल्ला पाहून या. १६६४ मध्ये महाराजांनी त्याची पायाभरणी केली. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ले गेले, त्यात हा सिंधुदुर्ग आहे आणि आपल्या बागलाणचा साल्हेरही आहे. म्हणजे आपलं आणि मालवणचं नातं जुनंच आहे. पाचव्या दिवशी परत निघायचं.

परतीचा दिवस वेगळा का ठेवला, हे नीट ऐका, कारण हे आपल्यासारख्या घाटमाथ्यावरच्या लोकांसाठी महत्त्वाचं आहे. पाण्याखाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. तो बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात हवेचा दाब एकदम कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, असा सर्वमान्य सल्ला आहे. मुलं म्हणतील, आम्ही तर गाडीनं येणार. पण हा सल्ला विमानातल्या ज्या कमी दाबासाठी आहे, तो २००० फूट उंचीपासूनचा धरतात, आणि आंबोली साधारण २२०० फुटांवर आहे. कोल्हापूरमार्गे या नाहीतर कोकणातून येऊन कसारा घाट चढा, घाट काही चुकत नाही. दुपारी डाइव्ह आणि संध्याकाळी घाट, हा बेत मुळीच नको. मोकळ्या दिवशी डाइव्ह करावीच लागली, तरी सकाळी आटोपली तर दुसऱ्या दिवशी घाटाला लागेपर्यंत १८ तास सहज होतात. साल्हेरवर जायचा बेत तर घरी येऊन आठवडाभरानं करा.

ठिकाणांचा क्रमही ठरवून ठेवा. पहिल्या दोन-तीन सहली उथळ आणि ओळखीच्या पाण्यात. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालंय. तिथे पोवळ्यांना हात लावायचा नाही, काही उचलून आणायचं नाही. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. थंडीत पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं, पण नाताळची गर्दी टाळून जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवसांत जा. होडीत गर्दी नसली की प्रशिक्षकाचं लक्ष तुमच्याकडे असतं. त्यानंतर कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट. अंदमानचं स्वराजद्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, तिथे उथळ जागा आहेत तशा जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल अशा तीस मीटरच्या आसपास जाणाऱ्याही आहेत. नाव ऐकून भुलू नका, आधी खोली विचारा. तीस मीटरला जायचं तर पुढचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कोर्स आधी करा. त्यात आणखी पाच डाइव्ह प्रशिक्षकाबरोबर होतात.

विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक नावाचा बुडालेला प्रवाळपठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. त्याचा माथाच २० मीटर खाली आहे. तुमची मर्यादा १८. तेव्हा आयुष्य बँकेत घालवलेला माणूस म्हणून सांगतो, या बँकेत इतक्यात खातं उघडू नका!

बँकेवरून आठवलं. तुमचा सिलिंडर म्हणजे बचत खातं. भरलेला असतो साधारण २०० बारला. खोल जाल तसा खर्च वाढतो: जो सिलिंडर वर एक तास पुरेल, तो दहा मीटरवर अर्धा तास आणि वीस मीटरवर वीस मिनिटं पुरतो. घाबरलात, धडपडलात की त्याहूनही लवकर संपतो. १०० बारला जोडीदाराला खूण करून परत फिरायचं. ५० बार ही किमान शिल्लक. ती हातात ठेवूनच वर यायचं. ज्याची हवा आधी संपत आली, त्याच्याबरोबर दोघांनीही वर यायचं, आणि वर आल्यावर त्याची चेष्टा करायची नाही. चेष्टा झाली की पुढच्या वेळी तो शिल्लक लपवतो. लॉगबुक हे पासबुक समजा. किती खोल, किती वेळ, वजनपट्ट्यात किती किलो, किती हवा उरली, हे त्याच दिवशी लिहा. पुढच्या ठिकाणचा माणूस ते बघूनच तुम्हाला कुठे न्यायचं ते ठरवेल.

आता पालकांना विनंती. ‘जाऊ नको’ म्हणू नका. म्हणालात तर मुलं कॉलेजच्या सहलीचं नाव सांगून जातील आणि मग कुठे आहेत, कोणाबरोबर आहेत, काहीच कळणार नाही. त्यापेक्षा प्रश्न विचारा. डॉक्टरांचा आरोग्य-फॉर्म खरा भरला का? दमा, हृदयविकार, कानाचं जुनं दुखणं लपवलं नाही ना? प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र पाहिलं का? होडीत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का? काही झालं तर दाबकक्ष, म्हणजे चेंबर, कुठे आहे आणि तिथे कसं पोहोचायचं, हे विचारलं का? विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळ वगळलेत का? आणि शेवटचा प्रश्न: मोकळा दिवस कोणता? या प्रश्नांची उत्तरं ज्या मुलाकडे तयार आहेत, त्याला जाऊ द्या. ज्याच्याकडे नाहीत, त्याला उत्तरं शोधायला लावा. त्यात त्याची अर्धी तयारी होते.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे. मोकळ्या दिवसाचा खर्च होतो. लॉजचं एका दिवसाचं भाडं, जेवणखाण, एक रजा. मुलं नेमका तोच दिवस काटतात. तो खर्च आपण उचलू या. वाढदिवसाला मोबाइल देतो, त्याऐवजी हा दिवस द्या. आणि मुलगी ‘बाबा, आज मी उतरलेच नाही’ असं फोनवर म्हणाली, तर ‘एवढे पैसे गेले ना’ हे वाक्य गिळून टाका. ‘बरं केलंस’ म्हणा. पुढच्या वेळी ती खरं सांगेल.

मुलांनो, समुद्र कुठे जात नाही. तो पुढच्या जानेवारीतही तिथेच आहे. तुम्ही वर येऊन काय पाहिलं ते सांगायला आम्हाला हवे आहात. इथल्या पायऱ्यांवर बसून ऐकायला आम्ही सगळे म्हातारे तयार आहोत.