हरकत वेळेत, लेखी आणि पोचेसह

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला "सोसायटीच्या आठवणी" असा विषय दिला होता. पण आठवणी सांगणारे माझ्यानंतर चार जण आहेत, आणि पाणी किती वाजता यायचं, पहिल्या गणपतीची वर्गणी किती होती, हे ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. मी आज एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक माझीच आहे, त्यामुळे कुणी रागावणार नाही.

जुन्या सभासदांना आठवत असेल, बुकिंगच्या वेळी आपल्याला एक रंगीत माहितीपत्रक मिळालं होतं. त्यात आपल्या पश्चिमेला हिरवीगार बाग, कारंजं आणि घसरगुंडी होती. ती जागा तेव्हा मोकळीच होती. सात-आठ वर्षं आपली मुलं तिथे क्रिकेट खेळली. मग एक दिवस पत्रे लागले, पाइलिंगचं मशीन आलं, आणि आपण सगळे खाली जमून ओरडायला लागलो, "अहो, ही तर बागेची जागा!"

मी तेव्हा सेक्रेटरी होतो. तावातावाने नगररचना विभागात गेलो. तिथल्या एका कर्मचाऱ्याने शांतपणे मंजूर विकास आराखड्याचा नकाशा पसरला. त्या जागेवर बागेचं आरक्षण नव्हतंच. रहिवासी विभाग होता, आणि तोही १९९७ सालच्या आराखड्यापासून. बाग फक्त माहितीपत्रकात होती.

मंडळी, मी बँकेत घरकर्जाची प्रकरणं पाहत होतो. कर्जदाराकडून सात-बारा, एन.ए.ची ऑर्डर, मंजूर प्लॅन, सी.सी. आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट घेतल्याशिवाय मी फाइल पुढे सरकवत नसे. एक कागद कमी असला तर माणसाला परत पाठवायचो. पण स्वतःचं घर घेताना मी शेजारच्या जागेचा झोन दाखला काढला नाही. घसरगुंडीचं चित्र बघितलं आणि चेक फाडला. चौथ्या मजल्यावरची संध्याकाळची उन्हं त्या इमारतीने अडवली, त्याला मी बिल्डरइतकंच स्वतःला जबाबदार धरतो.

त्या दिवशी कार्यालयातून येताना एक गोष्ट लक्षात आली, आणि आज मला तीच सांगायची आहे. माझी पुतणी लग्नानंतर इंग्लंडला असते. तिच्याकडे शेजाऱ्याला घर वाढवायचं असेल तर तिथली कौन्सिल आजूबाजूच्या घरांना पत्र पाठवते किंवा रस्त्यावर सूचना लावते आणि म्हणणं मांडायला २१ दिवस देते. आपल्याकडे तसं नाही. आपल्या १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात बांधकाम परवानगीसाठी मालक अर्ज करतो आणि पालिका नियमाप्रमाणे तो तपासते. शेजारच्या सोसायटीला विचारायची पायरीच त्यात नाही. नियमात बसत असेल तर परवानगी मिळणार, आपल्याला आवडो न आवडो.

मग आपलं म्हणणं मांडायची जागा कुठे? ती आहे, पण फार आधी आहे. विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होतं तेव्हा. कलम २६ प्रमाणे त्यावर ३० दिवसांत कुणीही नागरिक हरकत किंवा सूचना देऊ शकतो. पुढे नियोजन समिती सुनावणी घेते, तीही ज्यांनी हरकत नोंदवली त्यांचीच. आरक्षणात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ खाली पुन्हा महिन्याभराची सूचना निघते. म्हणजे बाग कुठे, शाळा कुठे, रस्ता किती रुंद, हे सगळं नकाशावर ठरतं. मशीन आल्यावर जी ओरड होते ती झाल्यानंतरची. जेवणं उरकल्यावर मेनूवर चर्चा, तसला प्रकार.

आपल्या शहराचंच बघा. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत आपण सव्वापाच लाखांच्या आसपास होतो, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेलो. एवढी माणसं वाढली ती १९९७ च्या त्याच आराखड्यावर. कायदा म्हणतो, २० वर्षांत एकदा तरी आराखडा सुधारा. सुधारित प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तो २०२२ मध्ये, दिवाळीच्या सुमारास. निम्मी सोसायटी गावी. त्यातून ऑगस्टमध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आलेले. एरवी आपण नगरसेवकाला फोन करून मोकळे होतो. त्या वेळी फोन करायलाही कुणी नव्हतं. नागरिकाचा कागद हाच काय तो आवाज.

ती सूचना आपल्यापैकी कुणी पाहिली? मी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पाहिली. फराळ बांधून ठेवायला जुनं वर्तमानपत्र काढलं आणि त्यात ती छोट्या अक्षरातली जाहिरात दिसली. त्या ताबडतोब वर आल्या आणि म्हणाल्या, "काका, मागच्या वेळी नकाशा नंतर पाहिलात. या वेळी आधी बघा." बोलणं लागलं, पण खरं होतं.

आम्ही दोघं आणि खजिनदार जाऊन नकाशा पाहून आलो. आपल्या गेटसमोरचा रस्ता रुंद दाखवलेला. त्या रुंदीची रेषा आपल्या कंपाउंडच्या आतून जाते की बाहेरून, हे त्या मापाच्या नकाशावर कळेना. आणि कंपाउंडला लागूनच आपली जमिनीखालची पाण्याची टाकी आणि पंपरूम! भाग नकाशा काढला, आपला सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर जुळवला, आणि मिटिंग लावली.

ती मिटिंग हजर असलेले विसरणार नाहीत. पुढच्या बाजूच्या दुकानदार सभासदांना रुंद रस्ता हवाच होता, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ॲम्ब्युलन्स वळत नाही हे आपणच सांगतो. दुसऱ्या बाजूने सूचना आली, "सोपं आहे, रेषा समोरच्या बाजूला सरकवा असं लिहा." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू?

समोर काय आहे? बैठी घरं आहेत. आपल्या आधीपासून तिथे राहणारी माणसं आहेत. सुरुवातीच्या दिवसांत टँकर आला नाही की आपण त्यांच्याच विहिरीवर कळशा घेऊन जात होतो. वहिनींनी एवढंच विचारलं, "त्यांना ही नोटीस कळली आहे का?" कुणालाच माहीत नव्हतं.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. मेट्रो-९ ची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्वा या गावांत होणार होती. आपली घरं आणि जमिनी जातील म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला, आणि तो योग्यच होता. मग ती डोंगरीला नेण्याचं ठरलं, तर तिथे हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला आणि डोंगरी-उत्तनची माणसं हरकती घेऊन उभी राहिली. कुणी वाईट नव्हतं. पण "इथे नको" एवढंच लिहिलं की ओझं पुढच्या दारात जातं.

शेवटी आपण हरकतीत तीन गोष्टी लिहिल्या. एक, रस्ता रुंद व्हायला आमचा विरोध नाही. दोन, आमच्या टाकीपाशी आणि समोरच्या घरांपाशी, दोन्हीकडे, रेषेची प्रत्यक्ष मोजणी करून ती स्पष्ट करावी. तीन, त्या वळणापुरती रुंदी कमी ठेवता येते का ते पाहावं. मग वहिनी आणि मी समोर गेलो आणि नोटीस वाचून दाखवली. त्यांनी त्यांची हरकत वेगळी दिली. मुदत संपायला चार दिवस असताना दोन्ही कागद एकाच दिवशी आवक खिडकीवर गेले.

निकाल काय लागायचा तो लागो. पण पोच आपल्या फाइलीत आहे, तारीख आणि आवक क्रमांकासकट. बँकेत एक गोष्ट शिकलो, ज्या कागदावर आवकचा शिक्का नाही तो कागद आलाच नाही असं समजायचं. व्हॉट्सॲपवरच्या चारशे मेसेजला शिक्का नसतो.

तेव्हा नव्या कार्यकारिणीला माझी विनंती, आजच्या दिवसाची भेट म्हणून मागतो म्हणा. एका सभासदाने दर आठवड्याला वर्तमानपत्रातल्या पालिकेच्या जाहीर सूचना आणि पालिकेचा सूचना फलक पाहायचा. आपल्या सर्व्हे नंबरचा आणि लागून असलेल्या जागांचा झोन दाखला काढून फाइलीत ठेवायचा, कारण डिसेंबर २०२० पासून नवी एकत्रित नियमावली आली आहे आणि शेजारी आता जुन्या हिशेबापेक्षा उंच इमारत उभी राहू शकते. मंजूर प्लॅनची प्रत नसेल तर माहिती अधिकारात मागायची, अर्जाला १० रुपये लागतात. आणि हरकत लिहिताना सर्व्हे नंबर, नकाशा आणि नेमकी मागणी द्यायची. नुसता संताप लिहायचा नाही, अधिकाऱ्याला त्यावर काही करता येत नाही.

आता आपल्या इमारतीच्या पुनर्विकासाची कुजबुज सुरू झालीच आहे. उद्या आपली इमारत उंच होईल तेव्हा कुणाची तरी संध्याकाळची उन्हं आपण अडवू. त्या वेळी प्लॅन मंजुरीला जायच्या आधी समोरच्या घरांत जाऊन तो दाखवायचा. कायद्यात ती पायरी नाही. आपल्या सोसायटीच्या ठरावात ती असायला काय हरकत आहे?

माझी चूक इतकी वर्षं माझ्या खिडकीबाहेर उभी आहे. रोज सकाळी तिच्याकडे बघून चहा पितो. तुम्ही तुमच्या नातवंडांसाठी नकाशा आधी बघा, एवढंच सांगून मी थांबतो.