वायर ओढताना

गेवराई असो की माजलगाव, नव्या घराचा गिलावा झाला की वायर ओढायचं काम निघतं. पाइपाला दोन-तीन वळणं असली की वायर अडते, आणि मग गाडीचं ऑइल नाहीतर ग्रीस चोळलं जातं. हे कृपा करून टाळा. त्यानं वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण हळूहळू खराब होतं, आणि भिंतीतलं ते नुकसान कुणाला दिसतही नाही. वायर ओढण्यासाठीचं खास जेल मिळतं, ते वापरा; नसेल तर शंखजिऱ्याची पावडर लावा. एकानं ओढावं, दुसऱ्यानं पीळ काढत वायर आत सोडावी. तरीही अडली तर हिसका देऊ नका. पाइपात वायरी जास्त झाल्यात का, ते पाहा. पोकळीचा साधारण 40 टक्केच भाग भरावा. जुन्या घरात आधी मेन स्विच बंद करा.