दवाखान्याचा भाव कोण ठरवतो?



आज कापूस-सोयाबीनच्या भावावर बोलायचे होते. पण गावोगाव फिरताना आम्ही एकच प्रश्न विचारला : कर्ज कशाने वाढले? बियाणे, खत, पाऊस ही उत्तरे आलीच. त्यांच्या जोडीला घराघरांतून आणखी एक उत्तर आले : दवाखाना.

एका घरी बापाच्या ऑपरेशनसाठी ऐन पेरणीच्या तोंडावर बैलजोडी विकली. दवाखाना ट्रस्टचा. आधी अनामत भरा, मग खाट, असे सांगितले. नियम त्या घराला ठाऊक नव्हता. खरे सांगतो, तेव्हा आम्हालाही नव्हता.

आम्ही शेतीच्या कॉलेजात शिकलो. तुम्हाला सांगत आलो, बियाण्याची पिशवी घेताना पक्की पावती घ्या, लॉट नंबर बघा. उगवले नाही तर भांडता येते. तोच शहाणा शेतकरी दवाखान्यात हात जोडून उभा राहतो. आपल्या मालाचा भाव व्यापारी ठरवतो, आपल्या दुखण्याचा भाव दवाखाना ठरवतो. दोन्हीकडे आपण फक्त मान हलवतो.

नियम काय आहे? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० सालचा. त्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना घालून दिली. मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. इतर रुग्णांच्या बिलाचे दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे. या रुग्णांकडे अनामत मागायची नाही. जीव धोक्यात असेल तर आधी दाखल करून घ्यायचे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवायचे. दाद मागायची धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात.

कोणी म्हणेल, घामाचे दाम मागणारे तुम्ही, मग फुकटची खाट कशी मागता? भावांनो, ही भीक नाही. ट्रस्ट म्हणून करात सवलत घेतली, कुठे सरकारी जमीनही घेतली. खाट हा त्या सौद्यातला आपला वाटा आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर झाली. २०२३ साली सरकारने कुटुंबामागे वर्षाचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख करण्याचे ठरवले. पण ते ठराविक उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांनाच. रोजच्या गोळ्या, तपासण्या, गाडीभाडे खिशातूनच जाते. म्हणून कार्ड मिळाले की प्रश्न सुटला, असे आम्ही म्हणणार नाही. शेतात दोन पैसे उरल्याशिवाय कोणतेही कार्ड पुरणार नाही.

तोवर तीन कामे घेऊन जा. एक, तालुक्यातल्या आणि जिल्ह्याच्या गावच्या धर्मादाय रुग्णालयांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. दोन, उत्पन्नाचे दाखले दुखणे येण्याआधी काढून ठेवा. तीन, रुग्णाबरोबर गावचा एक माणूस जाऊ द्या. तो दरपत्रक मागेल, पक्की पावती घेईल.

पुढच्या बैठकीला पावत्या आणा. विकलेल्या बैलांचा हिशेब आपण तिथे मांडू.