सीमेवरची पाटी कशी वाचावी?



आज बियाण्याची गोष्ट नाही, खताची नाही आणि फवारणीचीही नाही. आजची गोष्ट आहे माल घरून निघाल्यानंतरची. वावरात वर्षभर राबून पिकवलेला माल गाडीत चढला, दोर आवळले, वरून ताडपत्री टाकली, की आपण समजतो, सुटलो एकदाचे. पण राजेहो, माल वेळेवर बाजारात पोचला तरच त्याचा पैसा होतो. आणि आपला वऱ्हाडचा माल पुष्कळदा राज्याची हद्द ओलांडून जातो. वरूड-मोर्शीकडची, अचलपूर-अकोटकडची संत्री मध्य प्रदेशात जातात, हैदराबादेकडे जातात. बैलजोडी आणायला आपण सातपुड्यापलीकडे जातो. अशा वेळी हद्दीजवळची रस्त्याची पाटी बरोबर वाचता आली नाही, तर सगळी रात्र वाया जाते आणि सकाळचा भावही हातचा जातो. म्हणून आज पाटी वाचायला शिकू.

सुरुवात आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातूनच करतो. मोर्णेच्या काठी असदगड आहे. औरंगजेबाच्या काळात, १६९७ साली, नवाब असदखानाच्या अमलात तो बांधला गेला. या जुन्या शहराच्या वेशींची नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. एक दहीहांडा वेस, दुसरी अगर वेस. दहीहांडा आणि अगर ही दोन्ही अकोला तालुक्यातली गावं. म्हणजे वेशीचं नाव काय सांगतं? तुम्ही कुठे उभे आहात हे नाही, इथून निघालेला रस्ता कुठे जातो हे सांगतं. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजाही दिल्लीच्या दिशेला तोंड करून उभा आहे. पाटी नव्हती, नंबर नव्हता, तेव्हा वेशीचं नाव हीच पाटी होती. रस्त्याला खरी ओळख असते ती तो ज्या गावाला जातो त्या गावाची. ही जुनी गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी तीच कामी येणार आहे.

आता दुसरी गोष्ट. ही हद्द आली कुठून? १९५६ पर्यंत अकोला, अमरावती, बैतूल, मुलताई, बऱ्हाणपूर, खंडवा हे सगळं एकाच राज्यात होतं. राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. आपला वऱ्हाड मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. रस्ते मात्र होते तिथेच राहिले. डोंगर तोच, घाट तोच, बाजारही तोच. पण रस्त्याच्या मधोमध एक रेघ आली. रेघेच्या अलीकडची पाटी एक सरकार लावतं, पलीकडची दुसरं. आपल्याकडे राज्याच्या रस्त्याची पाटी सार्वजनिक बांधकाम विभाग लावतो, मध्य प्रदेशात लोक निर्माण विभाग. दोघंही आपापल्या हद्दीपुरतं बघतात. म्हणून होतं काय, की आपल्या बाजूची पाटी कधी कधी हद्दीवरच्या शेवटच्या खेड्याचं नाव सांगून गप्प बसते. पुढे कोणतं शहर आहे, तिकडे या रस्त्याला काय म्हणतात, हे ती सांगतच नाही.

आकडा तोच, रस्ता वेगळा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मी स्वतः त्या गाडीत होतो. आंबिया बहाराची संत्री भरून आम्ही बैतूलला निघालो होतो. पहाटेच्या हर्रासीला माल लागायचा होता. मोठ्या घाटात ट्रक आडवा झाल्याचं कळलं, म्हणून आम्ही आडमार्ग धरला. निघताना गावातल्या एका जाणत्या माणसाने राज्यमार्गाचा नंबर सांगितला होता, आणि मी चालकाला बजावलं होतं की काही झालं तरी हा नंबर सोडायचा नाही. हद्द ओलांडली. अंधार, जंगल, मोबाईलला रेंज नाही. पुढे एक फाटा आला. दोन हातांना दोन गावांची नावं, दोन्ही अनोळखी, बैतूलचं नावच नाही. पण एका हाताच्या दगडावर तोच नंबर! आम्ही म्हटलं, चला, सापडला आपला रस्ता.

तो आमचा रस्ता नव्हता. प्रत्येक राज्य आपल्या राज्यमार्गांना आपापले नंबर देतं, आणि दोन्हीकडे मोजणी एकपासून सुरू होते. महाराष्ट्रातला अमुक नंबरचा राज्यमार्ग हद्दीवर संपतो. पलीकडे तोच आकडा भलत्याच रस्त्याला असू शकतो. आम्ही दोन तास उलटे गेलो. बाजारात पोचलो तेव्हा हर्रास आटोपली होती. उरल्यासुरल्या गिऱ्हाइकाला पडेल त्या भावात माल द्यावा लागला. मालात खोट नव्हती, चालकात नव्हती. खोट होती माझ्या एका समजुतीत, की नंबर म्हणजे रस्ता.

तेव्हा पहिला धडा हा. राज्यमार्गाचा नंबर घरच्या हद्दीपुरताच खरा. हद्द ओलांडली की तो विसरा.

कोणता नंबर हद्दीपार चालतो?

राष्ट्रीय महामार्गाचा नंबर मात्र देशभर एकच असतो. अकोल्यावरून जाणारा ५३ नंबर घ्या. गुजरातेत हजिऱ्यापासून निघून तो धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर करत ओडिशात पारादीपच्या बंदरापर्यंत जातो. हद्द किती ओलांडल्या तरी नंबर ५३ च. जुनी माणसं अजून त्याला सहा नंबर म्हणतात, कारण २०१० मध्ये देशातल्या महामार्गांचे नंबर बदलले तोवर तो सहाच होता. म्हणून कोणी वाटेत ‘सहा नंबरने जा’ म्हटलं, तर गोंधळू नका. पण पाटीवर शोधताना ५३ च शोधा.

अकोल्याहूनच निघणारा दुसरा महामार्ग १६१. वाशीम, हिंगोली करत तो नांदेड जिल्ह्यातून देगलूरला जातो, तिथून तेलंगणात मदनूरवरून संगारेड्डीपर्यंत. हैदराबादला जाणाऱ्याने लक्षात ठेवावं की संगारेड्डीजवळ १६१ संपतो आणि पुढे ६५ नंबर धरावा लागतो.

या तीन आकडी नंबरांत एक खुबी आहे. पहिला आकडा झाका. उरलेले दोन आकडे म्हणजे मूळ महामार्ग, आणि आपला रस्ता त्याची फांदी. १६१ ही ६१ ची फांदी. ३४७ ही ४७ ची. वरूडवरून मुलताईला जाणारा रस्ता ३४७ ए आहे, आणि मुलताईला तो नागपूर-बैतूल-इंदूरच्या ४७ ला जाऊन मिळतो. वरूडकडच्या बागायतदारांनी एवढं पाठ केलं तरी पुष्कळ.

राष्ट्रीय महामार्गाची खूण पाटीवर पिवळ्या ढालीसारखी असते आणि तिच्यात काळा आकडा. पाटी नसली तर किलोमीटरचा दगड बघा. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी असेल तर ग्राम सडक योजनेचा खेड्याचा रस्ता. हे रंग दोन्ही राज्यांत सारखेच. आम्ही त्या रात्री कंदिलाएवढ्या उजेडात आकडा वाचला आणि रस्ता ठरवून मोकळे झालो. दगडावर गाव कोणतं लिहिलं आहे ते वाचलंच नाही.

शब्द बदलतात, लिपी बदलते

मध्य प्रदेशातली पाटी आपल्याला वाचता येते, कारण लिपी एकच. पण शब्द वेगळे. आपण राष्ट्रीय महामार्ग म्हणतो, तिकडे राष्ट्रीय राजमार्ग लिहितात. आपला तालुका तिकडे तहसील. आपली कृषी उत्पन्न बाजार समिती म्हणजे तिकडची कृषि उपज मंडी. ‘परिवर्तित मार्ग’ म्हणजे वळण रस्ता, ‘पुलिया’ म्हणजे लहान पूल. गावांची नावंही थोडी फिरतात. बऱ्हाणपूरचं बुरहानपुर होतं, इंदूरचं इंदौर.

काही नावं सरकारनेच बदलली आहेत आणि जुन्या-नव्या पाट्या एकाच रस्त्यावर दिसू शकतात. बैतूलपुढे भोपाळच्या वाटेवरचं होशंगाबाद २०२२ पासून नर्मदापुरम झालं. पांढुर्णा पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्याकडे अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. देगलूरपलीकडे २०१४ पर्यंत आंध्र प्रदेश होता, २ जून २०१४ पासून तेलंगणा आहे. म्हणून जायच्या गावाची दोन्ही नावं माहीत असू द्या.

तेलंगणात लिपीच बदलते. राष्ट्रीय महामार्गावर सहसा तेलुगूबरोबर हिंदी आणि इंग्रजी असतं. पण आतल्या रस्त्यावर हिंदी मिळेलच असं नाही. तिथे आपली पोरं कामी येतात. शाळेत जाणाऱ्या पोराकडून किंवा पोरीकडून एका कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव लिहून घ्या. चालकाने कागद हातात धरावा आणि पाटीवरच्या अक्षरांशी जुळवून बघावा. वाचता आलं नाही तरी जुळवता येतं.

नवापूरचं रेल्वे स्टेशन पुष्कळांनी ऐकलं असेल. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषांत पाट्या आहेत. रेल्वे एक, म्हणून तिने दोन्ही बाजूंच्या माणसाचा विचार केला. रस्त्याच्या हद्दीवरही असंच व्हायला हवं.

आपण काय करू शकतो?

पाटी सरकारने लावायची, हे खरं. पण पाटी नाही हे सरकारला कोण सांगणार? त्या रस्त्याने जाणाराच सांगणार. ज्यांची गावं हद्दीजवळ आहेत त्यांनी ग्रामसभेत ठराव घ्यावा. ठरावात फाट्याची जागा नेमकी लिहावी. जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा टाकावा. मागणी मोघम नको. ‘पाटी लावावी’ एवढंच लिहू नका. ‘या फाट्यावर पलीकडच्या राज्यातल्या पहिल्या मोठ्या गावाचं नाव, अंतर आणि पुढच्या रस्त्याचा प्रकार लिहिलेली पाटी लावावी’ असं लिहा. ठराव सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तुमच्या उपविभागात द्या आणि पोच घ्या. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर तिकडे द्या. पलीकडच्या गावच्या पंचायतीशी आपली सोयरीक असते, बाजारहाट असतो. त्यांनाही सांगा, तुम्ही तुमच्या बाजूने असाच कागद करा. रेघेच्या दोन्ही बाजूंनी मागणी गेली तर तिला वजन येतं.

राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली, गाडी बंद पडली, अपघात झाला, तर १०३३ नंबरवर फोन करता येतो. हा नंबर कोणत्याही राज्यात तोच आहे.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. निघण्यापूर्वी जायच्या गावाचं आणि वाटेतल्या निदान तीन मोठ्या गावांची नावं क्रमाने कागदावर लिहा. नुसत्या नंबरावर जाऊ नका.

२. राज्यमार्गाचा नंबर हद्दीपर्यंतच खरा. राष्ट्रीय महामार्गाचा नंबर हद्दीपलीकडेही तोच राहतो.

३. फाट्यावर आकडा जुळला तरी गावाचं नाव जुळतं का, ते बघा. नाव जुळत नसेल तर गाडी थांबवा.

४. दगडाच्या माथ्याचा रंग बघा. मोठ्या रस्त्याने जाताना अचानक नारिंगी दगड लागला, तर वाट चुकली समजा.

५. गावाची जुनी आणि नवी, दोन्ही नावं विचारून ठेवा. दुसऱ्या लिपीच्या मुलखात इंग्रजीत लिहिलेला कागद जवळ बाळगा.

६. मोबाईलवरचा नकाशा रेंज असेतो चांगला. घाटात रेंज जाते, म्हणून हद्द ओलांडण्यापूर्वीच रस्ता बघून घ्या.

७. शंका आली तर विचारा. दोन मिनिटं विचारण्यात गेली तरी चालतील, हर्रास जाता कामा नये.

दहीहांडा वेशीतून बाहेर पडणाऱ्या आपल्या आज्या-पणज्याला नंबर ठाऊक नव्हता. तो गावाचं नाव विचारत जायचा आणि गावाला पोचायचा. तुम्हीही गावाचं नाव धरून चला, आणि नंबर सोबतीला ठेवा. तुमचा माल वेळेवर पोचो आणि त्याला चांगला भाव मिळो.