जुनी यंत्रे, नवी प्रणाली

गोव्याच्या डिचोली तालुक्यात कारापूर हे गाव आहे. तेथील विठ्ठलापूरच्या विठ्ठलमंदिरामुळे ते भाविकांच्या परिचयाचे आहे. या बाजूच्या कौलारू घरांत राहणारा प्रत्येक गृहस्थ एक गोष्ट पक्की जाणतो: पावसाळ्यापूर्वी घर शाकारले नाही, तर उत्तम घरही गळू लागते. जुन्या संगणकाचेही असेच आहे.

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘३८६’ जातीच्या संगणकावर लिनक्स प्रणालीचा गाभा रचला. त्याची संहिता सर्वांना खुली आहे. ती कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. या मोकळिकीचा लाभ गोव्यालाही मिळाला. चालू शतकाच्या आरंभी ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या उपक्रमाने परदेशांत वापरून झालेले संगणक येथील शाळांसाठी आणवले आणि लिनक्सची कास धरली. अशा यंत्रांसाठी लिनक्समध्ये एक युक्ती आहे. एका समर्थ संगणकावर सारे काम चालवावयाचे आणि दुबळ्या यंत्रांनी केवळ पडदा व कळफलक यांचे काम करावयाचे. त्यामुळे टाकाऊ ठरलेले यंत्रही विद्यार्थ्याच्या उपयोगी पडते.

परंतु संहिता खुली आहे, म्हणून यंत्र आपोआप चालत राहते असे मात्र नव्हे. ज्या ‘३८६’ वर लिनक्स जन्मास आले, त्याचाच आधार २०१३ च्या ३.८ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. त्या यंत्रास काही आज्ञा अवगत नव्हत्या. त्यांची उणीव भरून काढणारी निराळी संहिता सांभाळावी लागे, आणि प्रत्येक नव्या सुधारणेत तिची अडचण होई. त्या श्रमांच्या मानाने अशी यंत्रे वापरणारे उरले नव्हते. डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध संचानेही २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून जुन्या ३२-बिट पीसीवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली.

याच्या उलट उदाहरणही आहे. अमिगा आणि जुने मॅकिंटॉश यांतील मोटोरोला ६८००० कुळाची यंत्रे डेबियनने २००७ साली आपल्या अधिकृत यादीतून वगळली. तरीही काही स्वयंसेवकांनी स्वतःची यंत्रे चालू ठेवली, प्रत्येक नवी आवृत्ती त्यांवर चालवून पाहिली, दोष कळवले आणि दुरुस्त केले. म्हणून त्या कुळाची शाखा आजही जिवंत आहे.

कोकणपट्टीच्या दमट हवेत जुन्या यंत्राचे जोड गंजतात, आतील बॅटरी पाझरून पाटी खराब करते. ती वेळीच काढणे हे पहिले काम. दुसरे काम म्हणजे नवी आवृत्ती येताच ती त्या यंत्रावर चालवून पाहणे आणि बिघाड आढळल्यास तिच्या कर्त्यांना कळवणे. दूरदेशीच्या कर्त्याजवळ ते यंत्र नसते. ते शाळेच्या कपाटात असते. तेथून काहीच कळले नाही, तर ते वापरणारा कोणी उरला नाही असाच त्याचा समज होणार. खुल्या संहितेने दुरुस्तीचा अधिकार सर्वांना दिला आहे; घर शाकारण्यासाठी छपरावर मात्र घरच्यांनीच चढावयास हवे.