गाडीतल्या घराची बॅटरी



परदेशात मोटारीतच बिछाना, शेगडी, दिवे नि पंखा बसवून लोक महिनोन् महिने हिंडतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये अशा कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. आता प्रश्न असा की, गाडी रानात उभी, इंजिन बंद. मग रात्रभर दिवा नि पंखा चालायचा कशावर? उत्तर सोपे वाटते : बॅटरीवर. पण कोणत्या?

इंजिन सुरू करणारी बॅटरी म्हणजे जत्रेतला पैलवान. गोटी एका झटक्यात उचलील, पण त्याला दिवसभर नांगर ओढायला सांगू नका. तिच्यात शिशाच्या पातळ पातळ पुष्कळ पट्ट्या असतात. त्यामुळे ती काही सेकंद शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह देते. मात्र रोज रिकामी केली, तर पट्ट्यांवरचा मसाला झडतो नि ती लवकरच निकामी होते. शिवाय रात्री पंखा तिच्यावर चालवला, तर पहाटे गाडीच सुरू होणार नाही. आडरानात, सोबत आजारी मूल असताना, ही गोष्ट जिवावर बेतू शकते.

म्हणून घरासाठी दुसरी, स्वतंत्र बॅटरी हवी. हिला डीप सायकल बॅटरी म्हणतात. हिच्या पट्ट्या जाड. ही बैलासारखी संथपणे, पण तासन् तास ओढते. इन्व्हर्टरला लावतात ती ट्यूब्युलर बॅटरी याच जातीची.

ती केवढी घ्यावी? गणित मांडू या. पाच वॅटचे चार दिवे पाच तास : १०० वॅट-तास. पंचवीस वॅटचा पंखा आठ तास : २००. फोन वगैरेंना ५० धरा. लहानसा फ्रीज दिवसाला ४५० खातो असे समजा. बेरीज झाली ८००. बॅटरी बारा व्होल्टची, म्हणून बाराने भागा. सुमारे ६७ अँपिअर-तास आले. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, नाहीतर तिचे आयुष्य घटते. तेव्हा दुप्पट करा : १३४. म्हणजे १५० ची बॅटरी घ्यावी.

आता प्रकार पाहा. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते नि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. तो पेट घेणारा वायू आहे. म्हणून ती झोपायच्या बंद जागेत ठेवू नये. एजीएम जातीच्या बॅटरीत आम्ल काचतंतूंत मुरलेले असते, ते हिंदकळत नाही. तिसरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. वजनाला निम्म्याहून हलकी, नि तिच्यातली ८० टक्के वीज खुशाल वापरता येते. पण ती महाग, तिला चार्जरही तिच्याजोगा लागतो आणि गोठणबिंदूखालच्या थंडीत ती चार्ज करू नये. लडाखला जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

कोणतीही घ्या, बॅटरीजवळ फ्यूज हवाच. शिशाची बॅटरी रिकामी झाली की तशीच पडू देऊ नका. पट्ट्यांवर कठीण थर बसतो नि मग ती पूर्ण भरत नाही.

शिक्षकबंधूंनो नि भगिनींनो, हाच हिशेब शाळेच्या इन्व्हर्टरला लागू पडतो. वर्गातले दिवे नि पंखे मोजून मुलांकडून तो फळ्यावर करून घ्या. आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला जोडायचा विचार कोणी बोलून दाखवला, तर त्याला हे गणित दाखवा.