ईसरलाटचा राजा : सवाई ईश्वरीसिंह आणि मराठे

आज मी जयपूरहून बोलतोय. मागे जो गलका ऐकू येतोय तो त्रिपोलिया बाजाराचा, आणि माझ्यामागे जो उंच मनोरा दिसतोय त्याचं नाव ईसरलाट. इथले लोक त्याला सरगासूलीही म्हणतात. स्वर्गाला टोचणारा सूळ, असा त्याचा अर्थ.

सकाळी तिकीट काढताना खिडकीवरच्या काकांनी विचारलं, कुठून आलात? म्हटलं, पुण्याहून. ते हसले आणि म्हणाले, "मग तर वर जायलाच हवं. ज्यानं हा बांधला तो राजा तुमच्यामुळेच गेला."

बोलण्यात राग नव्हता. रोज दहा जणांना सांगावं तसं सांगितलं. पण मी ते ओझं घेऊनच वर चढलो. कारण काका बोलले ते खरं होतं, आणि इतकी वर्षं इतिहासावर बोलत असूनही या राजाबद्दल मी तुम्हाला दोन वाक्यांपलीकडे कधी काही सांगितलेलं नाही. तर आजचा भाग त्याचा. सवाई ईश्वरीसिंह, राज्यकाळ १७४३ ते १७५०. जेमतेम सात वर्षं.

गोष्ट त्याच्यापासून सुरू होत नाही, त्याच्या वडिलांच्या लग्नापासून होते. वडील म्हणजे सवाई जयसिंह. हे जयपूर शहर १७२७ साली वसवणारे, जंतरमंतर उभारणारे. १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहानं त्यांचं आमेरचं राज्य जप्त केलेलं होतं. तेव्हा त्यांनी जोधपूर आणि उदयपूरशी एकी केली, आणि ती पक्की करायला उदयपूरच्या महाराण्यांच्या मुलीशी लग्न केलं. लग्नात एक अट घातली गेली : या राणीला मुलगा झाला, तर तो वयानं लहान असला तरी गादी त्याचीच.

अट घालताना सगळ्यांना तत्काळचं संकट दिसत होतं. वीस वर्षांनी, १७२८ साली, या राणीला खरोखरच मुलगा झाला. त्याचं नाव माधोसिंह. आणि घरात दुसऱ्या राणीचा, वयानं मोठा ईश्वरीसिंह आधीच होता. जयसिंहांनी माधोसिंहासाठी रामपुऱ्याची जहागीर मिळवून वाद झाकला. पण झाकला म्हणजे मिटला नाही. सप्टेंबर १७४३ मध्ये जयसिंह वारले, ईश्वरीसिंह गादीवर बसले, आणि उदयपूरच्या महाराणा जगतसिंहांनी जुना कागद बाहेर काढला.

आता इथे आपण येतो. आपण म्हणजे मराठे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. त्याआधी जयपूर आणि पुणे यांच्यात वैर नव्हतं. १७३५ साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा वाटेत याच जयपुरात सवाई जयसिंहांनी त्यांचा मोठा आदरसत्कार केला. पेशव्यांच्या आईनं या शहराचा पाहुणचार घेतलेला आहे. पुढच्याच वर्षी बाजीराव आणि जयसिंह यांची भेट झाली. १७४१ मध्ये माळव्याचा प्रश्न मिटवताना जयसिंह मध्यस्थ होते. हे सगळं पंधरा वर्षांत मातीला कसं मिळालं, ते आता बघा.

गादीच्या भांडणात दोन्ही भावांना फौज हवी होती, आणि त्या काळी उत्तरेत सर्वांत खात्रीची फौज मराठ्यांची. मदत मिळायची, पण पैसे मोजून. महाराण्यांनी माधोसिंहासाठी मल्हारराव होळकरांना पैसे कबूल केले. शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहाकडे होता. म्हणजे एकाच पेशव्यांचे दोन सरदार, आणि दोघांचा कल दोन भावांकडे! जयपूरच्या वकिलानं जायचं कुणाच्या छावणीत?

१ मार्च १७४७ ला राजमहालची लढाई झाली. एका बाजूला उदयपूर, कोटा, बुंदीचे पक्षकार आणि मल्हाररावांचा मुलगा खंडेराव याची तुकडी. दुसऱ्या बाजूला ईश्वरीसिंहाची फौज, सेनापती हरगोविंद नाटाणी. जयपूर जिंकलं. त्या विजयाची खूण म्हणून ईश्वरीसिंहानं हा सात मजली मनोरा उभारला. नाटाणीच्या मुलीला पाहता यावं म्हणून राजानं मनोरा बांधला, अशीही कथा गाइड सांगतात. ऐकायला गोड आहे, तिला तिथेच राहू द्या. मनोरा पुरा झाला १७४९ साली. पण तोवर विजय हातातून गेलेला होता.

कसा, ते सांगतो. मार्च १७४८ मध्ये मनुपूरला अहमदशहा अब्दालीविरुद्ध मोगल फौज उभी राहिली. ईश्वरीसिंह मोगलांच्या बाजूनं तिथे होते. वजीर कमरुद्दीनखान मारला गेला आणि ईश्वरीसिंह आपली माणसं घेऊन रणातून निघून गेले. मोगल पुढे जिंकले, त्यामुळे पळणं जास्तच डोळ्यांत आलं. त्याच वर्षी नानासाहेब पेशवे स्वतः जयपूरच्या मुलखात आले. नानासाहेबांवर कर्जाचा डोंगर होता. दोन भावांतला निकाल लावताना न्याय किती आणि वसुली किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. निकाल असा, की ईश्वरीसिंहानं काही परगणे धाकट्याला तोडून द्यावेत. त्यानं टाळाटाळ केली. ऑगस्टमध्ये मल्हारराव आणि गंगाधर तात्या फौज घेऊन आले आणि बगरूला लढाई झाली. भरतपूरचा सूरजमल जाट ईश्वरीसिंहाच्या बाजूनं फार शौर्यानं लढला, पण उपयोग झाला नाही. बुंदी गेली, परगणे गेले, आणि डोक्यावर मराठ्यांची मोठी रक्कम बसली.

या राजाला मी साधू करणार नाही. त्याचा दिवाण केशवदास खत्री हुशार माणूस होता, मराठ्यांशी बोलणी करणारा तोच. दरबारातल्या भांडणात राजाचे कान फुंकले गेले आणि त्यानं केशवदासाला विष देवविलं. म्हणजे होळकरांशी बोलू शकणारा जो एक माणूस होता, तोही स्वतःच्या हातानं घालवला. मल्हाररावांना याचा संताप आला. शिवाय पैशांची बाकी होतीच.

१७५० च्या अखेरीस मल्हारराव आणि गंगाधर तात्या जयपूरच्या रोखानं निघाले. राजाच्या वकिलांनी वाटेत गाठून थोडीफार रक्कम पुढे केली. ती पाहून होळकर अधिकच चिडले. तिजोरी रिकामी, सरदार मनानं फुटलेले, फौज जमत नव्हती. मराठे शहराजवळ आले. डिसेंबरातल्या एका रात्री राजानं औषधासाठी हवा म्हणून एक जिवंत नाग आणि विष मागवलं, असं सांगतात. विष घेतलं आणि नागाकडून दंशही करवून घेतला. तीन राण्या आणि एका उपस्त्रीनंही त्याच्याबरोबर विष घेतलं. राजवाड्याबाहेर ही बातमी बराच वेळ कुणाला कळलीही नाही.

वय जेमतेम तिशीचं.

जयपूरच्या राजांच्या छत्र्या गैटोरला आहेत. संगमरवरी, देखण्या. ईश्वरीसिंहाची छत्री तिथे नाही. ती राजवाड्याच्या मागच्या अंगाला, तालकटोऱ्याजवळ आहे. काल संध्याकाळी मी तिथे जाऊन आलो. गैटोरसारखी गर्दी तिथे नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तर आपण म्हटलं असतं, राजकारणात असं होतं. पण ती संपली नाही.

मल्हाररावांनी माधोसिंहाला बोलावून गादीवर बसवलं. आपला माणूस बसला, काम झालं! मग जयाप्पा शिंदेही येऊन पोचले, आणि पैशांची मागणी वाढत गेली. मुलखाचा हिस्सा मागितला गेला. ज्याच्यासाठी आपण भांडलो, त्याच माधोसिंहाला कळून चुकलं, की भावाच्या जागी आता आपण आहोत.

१० जानेवारी १७५१. मराठ्यांच्या छावणीतली चार-पाच हजार माणसं शहर पाहायला आत गेली होती. हे विसरू नका : जयपूर तेव्हा नवंकोरं शहर होतं. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी दुकानं, देवळं. लोक देवदर्शनाला आले होते, बाजार करायला आले होते. दुपारी वेशी बंद झाल्या आणि कत्तल सुरू झाली. ती मध्यरात्रीपर्यंत चालली. सुमारे तीन हजार माणसं मेली, हजारभर जखमी झाली. काहींनी तटावरून उड्या टाकल्या आणि हातपाय मोडून घेतले.

मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावरून तोच बाजार दिसतो. तेच सरळ रस्ते. खाली कुणी बांगड्यांचा भाव करतंय, कुणी रजई उलगडून बघतंय. मेलेल्या त्या माणसांत खंडणीचा आकडा ठरवणारे किती असतील? ज्यांनी ठरवला ते छावणीत होते.

माधोसिंहानं पुढे माफी मागितली, पैसे दिले, आणि मराठी फौजा रोहिल्यांवरच्या मोहिमेसाठी निघून गेल्या. वरवर सगळं मिटलं. वडिलांनी परगणा देऊन मिटवलं होतं, तसंच.

शाळेत मला एक प्रश्न नेहमी पडायचा, तुम्हालाही पडला असेल : १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊसाहेब एकटे का पडले? राजपूत का आले नाहीत? आमचे गुरुजी म्हणायचे, त्यांना देशाची पर्वा नव्हती. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण तेव्हा जयपूरच्या गादीवर कोण होतं? हेच माधोसिंह. त्यांचा उलट अब्दालीशीच पत्रव्यवहार होता. जयपुरातल्या त्या दुपारला पानिपताच्या वेळी दहा वर्षं आणि चार दिवस झाले होते.

पानिपताचं खापर एकट्या खंडणीवर फोडावं, असं मी म्हणत नाही. रसद, हवामान, नजीबखानाचं राजकारण, कारणं पुष्कळ आहेत. माधोसिंहाचं वागणं बरोबर होतं, असंही नाही. निःशस्त्र माणसांची कत्तल ती कत्तलच. पण "ते का आले नाहीत" हा प्रश्न आपण दोनशे साठ वर्षं विचारतोय, आणि त्याच्या आधीचा प्रश्न, "त्यांनी का यावं?", तो कधी विचारत नाही. १७३५ साली पेशव्यांच्या आईचं स्वागत करणाऱ्या शहरानं १७५१ साली वेशी का बंद केल्या, याचं उत्तर वसुलीच्या हिशोबात आहे. आपल्याला रुपये मिळाले, तेही पूर्ण नाहीत. शेजारी गेला.

खाली उतरल्यावर काकांनी विचारलं, कसं वाटलं? म्हटलं, काका, तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. पण आमचीही तीन हजार माणसं या बाजारात राहिली. त्यांना ते ठाऊक नव्हतं. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी स्टुलाकडे बोट केलं आणि चहा मागवला. मग पुढच्या तिकिटाची वेळ होईपर्यंत आम्ही बोलत बसलो.

पुढच्या भागात नागौरला जाऊ. जयाप्पा शिंद्यांचा १७५५ मध्ये तिथे खून झाला. ती याच गोष्टीची पुढची पायरी आहे. तोवर तुमच्या घरी, गावात, उत्तरेच्या मोहिमांची काही आठवण किंवा जुना कागद असेल तर जरूर कळवा. भेटू. नमस्कार.